दोन सूत

"माझं नाही ते," असं म्हणून मी काच वर केली. आमच्या गाडीची काच अजून हँडल फिरवूनच वर जाते, त्यामुळे खोटं बोलून तोंड लपवायचं तरी सात-आठ फेरे मारावे लागतात. तेवढा वेळ तो मुलगा काचेबाहेर तसाच उभा होता. नऊ-दहा वर्षांचा असेल. अंगात मंडळाचा गुडघ्यापर्यंत येणारा टी-शर्ट, पायात काही नाही, आणि दोन्ही हातांत आरतीचं ताट धरावं तसा धरलेला काळ्या प्लास्टिकचा तुकडा. तीन आडव्या पट्ट्या, एका टोकाला तुटलेली क्लिप, आणि त्यावर चकचकीत सुझुकीचा एस. त्यानं आधी तुकड्याकडे पाहिलं, मग गाडीच्या पुढे जाऊन तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. अलका टॉकीजच्या चौकात श्रावणातली चिकट दुपार होती, सिग्नल सुटला आणि मी लकडी पुलाकडे निघाले.

शेजारी आमच्या होणाऱ्या विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर लक्ष्मी रोडवरच्या बस्त्याच्या तीन पिशव्या. पितृपक्षात खरेदी नको, पुढे दिवाळीची गर्दी, म्हणून श्रावणातच साड्या उरकायचं ठरलं होतं. त्यांचा ड्रायव्हर त्या दिवशी रजेवर होता, तेव्हा मीच मोठ्या उत्साहानं म्हटलं होतं, "मी सोडते की तुम्हाला कोथरूडला, गाडी आहे माझी." गाडी म्हणजे २००४ ची मारुती एस्टीम. नारायण पेठेतल्या बोळातून बाहेर पडताना मांडवाचा एक आडवा बांबू वीतभर पुढे आला होता. तो मला दिसला, पण तो गाडीला लागेल असं वाटलं नाही. वीस वर्षं चालवलेल्या गाडीचं नाक नेमकं कुठे संपतं हे माणसाला माहीत असायला हवं. कट्ट असा आवाज आला. विहीणबाई म्हणाल्या, "काही लागलं का?" मी म्हटलं, "छे, खड्डा असेल." म्हणजे तो तुकडा नाकारण्याआधीच माझं एक खोटं बोलून झालं होतं.

घरी येऊन पाहिलं तर दोन दिव्यांच्या मधली डावी अर्धी जाळी गायब. त्या भोकातून रेडिएटर दिसत होता, त्याच्यावर वाळलेले किडे आणि एक पिंपळाचं पान. आणि खाली नुकतीच बसवलेली नवी कोरी नंबर प्लेट, सरकारी होलोग्रामसकट. दात पडलेल्या म्हातारीला नवं कुंकू लावावं तशी.

नवरा म्हणाला, "आता तरी विकू या." हे वाक्य आमच्या घरी २०१९ पासून वस्तीला आहे. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा एकदा, मागच्या वर्षी दुसऱ्यांदा पासिंग करून आणताना पुन्हा एकदा, आणि मध्ये दर सर्व्हिसिंगला. त्याचं काही चुकत नाही. पण तेराशे सीसीचं ते इंजिन सकाळी पहिल्या चावीला सुरू होतं, आणि सीटवर बसल्यावर माझी पाठ कुठे टेकायची हे त्या सीटला ठाऊक आहे. हे कारण म्हणून सांगता येत नाही, म्हणून मी दर वेळी पेट्रोलचं ॲव्हरेज सांगते.

जाळी विकत घेऊन टाकू म्हणून दुसऱ्या दिवशी नाना पेठेत गेले. पहिल्या दुकानात मुलानं मोबाइलवरून मान वर न करता विचारलं, "कुठली?" एस्टीम म्हटल्यावर मात्र मान वर केली. आतून मालक म्हणाले, "ताई, २००७ ला बंद झालेली गाडी ती. मागवून बघू, तीन हजार धरून चाला, तेही मिळाली तर." पुढच्या दोन दुकानांत असंच. चौथ्यानं स्विफ्टची जाळी समोर धरून "थोडी घासून बसेल" असं सुचवलं. बुधवारी जुन्या बाजारातही चक्कर मारली. ताडपत्रीवर आरशांचे ढीग, हॉर्न, व्हीलकॅप, एकमेकींत अडकलेल्या सात-आठ जाळ्या. सँट्रोची होती, इंडिकाची होती, पद्मिनीची एक पत्र्याची होती, जडशीळ, डाग पडलेल्या क्रोमची. ती मी उगाच हातात घेऊन पाहिली. जुन्या गाड्यांना चेहरा होता असं म्हणतात ते काही फार खरं नाही, पण त्यांना तोंड होतं. आता विजेच्या गाड्यांना रेडिएटरसाठी एवढा वारा लागत नाही, त्यामुळे पुढचा भाग सरळ बंद, गुळगुळीत. आणि पेट्रोलच्या मोठ्या गाड्यांचं उलट, जबडा जमिनीपर्यंत. आरशात मागून अशी एखादी आली की मी निमूट डावीकडे होते.

तळमजल्यावरचे काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची छत्तीस वर्षं गेली, आणि अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असते, इतरांच्या खिशात पेन असतं तशी. पार्किंगमध्ये मी गाडीपुढे उकिडवी बसलेली पाहून ते आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "जाळी विकत कशाला आणायची? जाळी म्हणजे जाळी. आपण करू." मग लगेच, "दुसरा तुकडा कुठाय?"

"पडला कुठेतरी," मी म्हटलं.

"तो असता तर बरं झालं असतं. असो."

बोहरी आळीत मला जाळीच्या दुकानात पाठवताना त्यांनी चिठ्ठी लिहून दिली होती. ॲल्युमिनियम, डायमंड, भोक अर्धा इंच, विणलेली नको. दुकानदारानं चिठ्ठी बघायच्या आधीच विचारलं, "उंदरांसाठी का कबुतरांसाठी?" पुण्यात बाईमाणूस जाळी घ्यायला येते ती या दोनच कारणांसाठी, असा त्यांचा अनुभव असणार. गाडीसाठी म्हटल्यावर मात्र ते उठले. वरच्या फळीवरून एक गुंडाळी काढली, ती उलगडताना झांजेसारखा बारीक आवाज झाला. चार फूट बाय एक फूट, दोनशे चाळीस रुपये. "ॲल्युमिनियमच आहे ना?" या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पैसे देऊन निघाले. काकांनी मात्र घरी आल्यावर फ्रिजवरचं अष्टविनायकाचं चुंबक आणून आधी जाळीला लावून पाहिलं. चिकटलं नाही. मग म्हणाले, "ठीक आहे."

विणलेली का नको, तर ती एके ठिकाणी कापली की स्वेटरसारखी उसवत जाते. ही डायमंडची जाळी मुळात जाळी नसतेच, अख्खा पत्रा असतो. त्याला ओळीनं चिरा पाडतात आणि मग दोन्हीकडून ताणतात, की चिरांची भोकं होतात. कुठे जोड नाही, कुठे गाठ नाही, आणि पत्र्याचा कीसभरही वाया जात नाही. हे सांगताना काकांनी कागदाची घडी घालून त्याला दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं कात्री लावली आणि ओढून दाखवली. लहानपणी दिवाळीत आम्ही पताका करायचो ती हीच युक्ती. मला पन्नाशी उलटल्यावर कळलं की ती कारखान्यात पण चालते.

जाळी म्हटलं की मला आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यातलं जाळीचं कपाट आठवतं. पोपटी रंगाचं, चार पायांचं, पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत दुधाचं पातेलं, तुपाची बरणी, सकाळच्या उरलेल्या पोळ्या. त्याचं दार उघडलं की एक वास यायचा, साय आणि लोखंड आणि थोडासा हिंग असा मिळून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते कपाट कंबरभर पाण्यात उभं होतं, असं आजी सांगायची. मी त्यानंतरची, पण पुराची रेघ मी रोज पाहिलेली आहे. खालच्या फळीजवळ रंग वेगळा होता आणि तिथली जाळी गंजून तिची पूड पडायची. भोक पडलं की आई बारीक तार घेऊन बसायची आणि मोजे रफू करावेत तसं ते भोक विणून काढायची. फार सुंदर विणायची. दर दोन-तीन वर्षांनी एक नवा चौकोन. पण कुणी पाहुणे यायचे असले, विशेषतः सासरच्या बाजूचे, की आई आणि मी ते कपाट दोन्हीकडून धरून फिरवायचो, रफू केलेली बाजू भिंतीकडे. पाण्याच्या वाट्या हिंदकळायच्या. फरशीवर चार ओले गोल उमटायचे आणि पाहुणे आत यायच्या आत ते पुसायचं काम माझ्याकडे.

त्या विणकामाची आईला लाज वाटायची की तिला ते आपलं खासगी वाटायचं, हे मी कधी विचारलं नाही. आता सांगायला ती नाही.

तर फर्मा. उजवी अर्धी चौकट शाबूत होती. वरचे स्क्रू काढून, खालच्या क्लिपा दाबून आम्ही ती सोडवली, आणि काकांनी तिच्यातल्या पट्ट्या करवतीच्या पात्यानं कापून नुसती कड ठेवली. तिच्यावरून पुठ्ठ्याचा फर्मा झाला. माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकांचे नमुने ज्या खोक्यातून आले होते त्याचाच पुठ्ठा. डाव्या बाजूला चौकटच नव्हती, ती त्या मुलाच्या हातात राहिली होती. काका म्हणाले, "उजव्याचा उलटा म्हणजे डावा," आणि फर्मा पालथा करून धरला. बसला नाही. दिव्याच्या कडेला फट राहत होती. त्यांनी पट्टी लावली. "दोन सूत," म्हणाले. पाव इंच. "कधी ठोकली होतीस का इकडून?" ठोकली होती, २०११ मध्ये, शाळेच्या बसला, आणि मला वाटलं होतं गॅरेजवाल्यानं ती पूर्ण सरळ केली. चौदा वर्षं मी रोज त्या गाडीकडे पाहत होते. "दोन्ही बाजू सारख्या असं कुठल्याच गाडीचं नसतं," काका म्हणाले, "पण डावा तुकडा असता तर नेमकं माप मिळालं असतं." हे त्यांनी त्या आठवड्यात तीनदा म्हटलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. तुकडा असता तर खरंच बरं झालं असतं, एवढंच.

पत्र्याच्या कात्रीनं जाळी कापणं हे काम ऐकायला सोपं आहे. प्रत्येक डायमंड कापला की टोक उरतं, आणि ते टोक सुईसारखं असतं. फर्म्याच्या बाहेर दोन सूत जास्त ठेवून कापायचं, मग ती कड आत दुमडायची, मग कानशीनं बर काढायची. बर म्हणजे कापलेल्या कडेला सुटलेली बारीक धार. काका बोट फिरवून बर तपासायचे, डोळे मिटून, वीणेची तार बघावी तसे. मी तपासलं तेव्हा रक्त आलं. ॲल्युमिनियमची आणखी एक खोड अशी की त्याच्यावर रंग धरत नाही. पॉलिश पेपरनं आधी सगळी चमक मारावी लागते. अर्धा इंचाच्या प्रत्येक डायमंडच्या चार बाजू. मोजायला गेले नाही, पण दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग काकांच्या कपाटातला उरलेला प्रायमर, आणि मग काळा स्प्रे. तोही लगेच नाही. हवा दमट असली तर काळ्यावर पांढुरका धुरळा धरतो म्हणून काकांनी चार दिवस उन्हाची वाट पाहायला लावली. पितृपक्ष लागला होता. नवरा म्हणाला, "पितृपक्षात चालतं का हे?" काका म्हणाले, "गाडी घेत नाहीत. जाळीचं कुठे लिहिलेलं नाही." गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांच्या मधे दोरीला ती जाळी लटकली होती, आणि तिची सावली फरशीवर पडली होती ती घावनाला सुटते तशी.

मधल्या काळात मी नारायण पेठेतल्या त्या बोळात जाऊन आले. अनंत चतुर्दशी होऊन गेलेली, मांडव उतरला होता, रस्त्यात खांबांचे खड्डे तेवढे राहिले होते, त्यांत गुलाल मिसळलेलं पाणी. मंडळाच्या ओट्यावर दोन तरुण बसले होते. मी म्हटलं, इथला एक लहान मुलगा, असा असा, मोठा टी-शर्ट घातलेला. "काकू, टी-शर्ट सगळ्यांनाच मोठे आलेत या वर्षी. पन्नास पोरं आहेत. काय केलं त्यानं?" काही नाही, म्हटलं. काहीतरी सापडलं होतं त्याला. "तुमचं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले, पण तोवर त्यातल्या एकाचा फोन वाजला होता.

जाळी बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. चौकटीच्या मागून काळे केबल टाय ओवायचे, खेचायचे, शेपट्या कापायच्या. डाव्या बाजूला चौकटीऐवजी काकांनी ॲल्युमिनियमची एक पट्टी वाकवून दिली होती. दिव्याच्या कडेला दोन सुतांची फट राहिली ती राहिलीच. रबर लावून बुजवता आली असती. काका म्हणाले, "नको, ते लपवल्यासारखं दिसेल." जाळी आडवी धरायची, डायमंडचं लांब टोक डावी-उजवीकडे, हे मला समजत होतं. पण काकांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. ताणलेल्या जाळीचे धागे सपाट नसतात, थोडे कललेले असतात, पायऱ्यांसारखे. त्यामुळे उभं राहून वरून पाहिलं तर ती जवळजवळ बंद दिसते, नुसतं काळं. आणि खाली बसून पाहिलं की तीच जाळी उघडते, आतला रेडिएटर, पंख्याचं पातं, होसपाइपची क्लिप, सगळं दिसतं. मी पार्किंगच्या फरशीवर बसून पाहिलं. साधारण नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे डोळे येतील त्याहून थोडंसंच खाली.

"एस लावायचा का मधे?" काकांनी विचारलं. सुटा मिळतो तो, शंभर-दीडशेला. मी नको म्हटलं.

वारा नीट जातो का हे पाहायचं म्हणून मी आणि काका कात्रजचा जुना घाट चढून बोगद्यापर्यंत जाऊन आलो. दुपारी, सेकंड गिअरमध्ये, एका ट्रकच्या मागे. काकांची नजर रस्त्यावर नव्हतीच, टेंपरेचरच्या काट्यावर होती. काटा अर्ध्याच्या जरा खालीच राहिला. वर पोचल्यावर त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा, आणि मग आम्ही भुट्टा खाल्ला. खर्च एकूण पाचशे चाळीस. जाळी, स्प्रे, टाय. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण उरलेला जाळीचा तुकडा ठेवून घेतला. कबुतरांसाठी.

दसऱ्याला झेंडूची माळ बांधायला पहिल्यांदाच शोधाशोध करावी लागली नाही. कुठेही दोरा ओवा. त्याच दिवशी विहीणबाईंचा फोन आला, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, मग हॉलच्या मेनूबद्दल, मग मध्येच, "आणि हो, गाडीचं तोंड झालं का हो दुरुस्त? त्या दिवशी ते पोर बिचारं एवढं पळत आलं होतं." मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी जिलबी-मठ्ठ्याचं बोलले असणार. त्यांनीही पुढे ताणलं नाही. त्या दिवशी लकडी पुलावरून जाताना त्या खिडकीबाहेर बघत, मेट्रोचे खांब किती उंच आहेत वगैरे बोलत होत्या, ते आता मला वेगळंच ऐकू येतं.

परवा पुन्हा अलकाच्या चौकात थांबले होते. माळ सुकून काळपट झाली होती, अर्धी गळून गेली होती. डावीकडे एक रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षावाले काका वाकून, मान तिरकी करून बराच वेळ गाडीच्या तोंडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "एस्टीम ना? घरी केली वाटतं जाळी?"

"हो."

"कितीला बसली?"

"पाचशे चाळीस."

"भारी केलीय. नुसती इकडं दिव्यापाशी फट राहिली बघा."

"तिथला तुकडा पडला होता," मी म्हटलं, "एका मुलानं आणून दिला होता परत. मी घेतला नाही."

त्यांनी रिक्षातून आणखी थोडं बाहेर डोकं काढलं. "का?"

सिग्नलला अजून चौदा सेकंद होते.